इरकल नेसलेली बाई ऑइलमधे, मोकळ्या ब्रशने: सुरुवातीपासून शेवटपर्यंत

बोल्ड स्ट्रोक, फटकारा, मोकळं काम, काहीही म्हणा, ऑइल करणाऱ्या प्रत्येकाला ते हवं असतं. त्यासाठी कपड्यातली आकृती हा फार चांगला विषय आहे. चेहऱ्यात ओठाची कड जरा हलली की माणूसच बदलतो, पण पदराची एक चुणी अर्धा इंच सरकली तर कोणाला पत्ताही लागत नाही, म्हणजे ब्रशला मोकळं सोडायला खरी जागा कपड्यातच मिळते. फक्त एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फटकारा जोरात मारल्याने जिवंत होत नाही. टोन (म्हणजे गडद-फिकेपणा) किती, रंग कुठला, दिशा कुठली हे तिन्ही ब्रश टेकायच्या आधी ठरलेलं असतं म्हणून तो जिवंत दिसतो. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटचं 'लेडी अ‍ॅग्न्यू' बघा, पांढरा झगा असा की दहा मिनिटांत उडवलाय असं वाटावं, पण त्याला सहा बैठका लागल्या होत्या, आणि सार्जंट न जमलेला भाग थेट खरवडून परत करायचा हे त्याच्यासमोर बसलेल्या लोकांनीच लिहून ठेवलंय.

या लेखात मी एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाणारे, खुर्चीवर बसलेली, इरकल नऊवारी आणि खणाची चोळी घातलेली बाई, १८ × २४ इंचाचा कॅनव्हास, तैलरंग. अ‍ॅक्रिलिकवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल, फक्त कडा ओल्या असताना मिसळायचा भाग तिथे भराभर करावा लागतो.

साडी कुठली आणि का

पारंपरिक इरकलीत अंग सुती आणि पदर लाल रेशमी, म्हणजे एकाच साडीत कापडाच्या दोन तऱ्हा शिकायला मिळतात. सुती अंगाची घडी कडक मोडते, कोन करते. रेशमी पदर घसरत खाली येतो आणि त्याच्यावर उजेड बारीक, धारदार चमकतो. शिवाय अंगाचा रंग गडद घेतला, समजा गडद हिरवा, तर टोनचा हिशोब सोपा जातो: गडद साडी, मधला लाल पदर, उजेडातली कातडी सगळ्यात फिकी. पहिल्या चित्राला भरजरी पैठणी घेऊ नका. मोर आणि बुट्टे काढायच्या नादात सगळा वेळ जातो आणि आकृती राहून जाते.

नऊवारीचा अजून एक फायदा आहे. सहावारीत बसलेल्या बाईचे दोन्ही पाय एका मोठ्या आकारात हरवतात, नऊवारीत कासोट्यामुळे दोन्ही मांड्या आणि गुडघे वेगवेगळे कळतात. कापडाखाली शरीर शोधायची सवय लागायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

सामान

रंग थोडेच ठेवा: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू, आयव्हरी ब्लॅक, आणि ड्रॉइंगसाठी बर्न्ट अंबर. स्वीडनचा अँडर्स झॉर्न तर पांढरा, ऑकर, व्हर्मिलिअन आणि काळा एवढ्या चारच रंगांच्या पॅलेटसाठी ओळखला जातो, त्यात काळ्या-पांढऱ्याचा करडा हा उबदार रंगांशेजारी निळसर दिसतो आणि निळ्याचं काम भागतं. आपल्याला हिरवी साडी हवीय म्हणून अल्ट्रामरीन घेतला. कॅमलचे आर्टिस्ट ग्रेड रंग चालतात, स्टुडंट ग्रेडमधे रंगद्रव्य कमी असतं त्यामुळे एका स्ट्रोकमधे झाकायची ताकद मिळत नाही, आणि इथे तर सगळा खेळ एका स्ट्रोकचाच आहे.

ब्रश हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) फ्लॅट म्हणजे सपाट टोकाचे, नंबर १२, ८ आणि ४, एखादा फिल्बर्ट म्हणजे गोलसर टोकाचा, नंबर ६. मऊ सिंथेटिक ब्रशने दाट रंग उचलला जात नाही. दांडा लांब हवा आणि तो टोकाकडे धरायचा, पेन्सिलीसारखा केसांजवळ नाही. टर्पेंटाइन, लिनसीड तेल, पॅलेट नाइफ, आणि जुन्या सुती कपड्याच्या चिंध्या भरपूर. या चिंध्यांबद्दल सिरियसली सांगतो, लिनसीड तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तेल सुकताना उष्णता तयार होते आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका. आणि टर्पेंटाइन असेल तिथे खिडकी उघडी.

बसवणं आणि उजेड

उजेड एकच. खिडकी एका बाजूला आणि जरा वर असेल असं बसवा, ट्यूबलाइट बंद करा. दोन बाजूंनी उजेड आला की चुण्यांच्या सावल्या एकमेकींना खातात आणि काहीच वाचता येत नाही. मॉडेल थोडी तिरकी, एक गुडघा पुढे, एक हात मांडीवर, पदर डाव्या खांद्यावरून पाठीमागून घेऊन पुढे मांडीवर आणलेला. मागे साधं करडं किंवा मातकट कापड.

मॉडेल वीस-पंचवीस मिनिटं बसेल, मग पाच मिनिटं ब्रेक. खुर्चीच्या पायांना आणि तिच्या पावलांना खडूने खुणा करून ठेवा, आणि नजर कुठे आहे तिथे भिंतीवर कागदाचा तुकडा चिकटवा. खुणा करूनही एक गोष्ट परत येत नाही ती म्हणजे चुण्या. ब्रेकनंतर बाई बसली की साडी वेगळीच पडते. म्हणून मोठ्या चुण्या एकाच बैठकीत पकडायच्या आणि त्यानंतर साडी बदलली तरी चित्रातल्या बदलायच्या नाहीत. पुढच्या बैठकांमधे मॉडेलकडून फक्त रंग आणि टोन घ्यायचा. हा नियम मोडला की त्या चुण्यांमागे पळण्यातच दिवस जातो, मी आमच्या मॉडेल सेशनला चांगलं ड्रॉइंग असलेल्या मुलांनाही यात अडकलेलं बघतो.

आणि मॉडेल घरातली कोणी असेल, आई, मावशी, आत्या, तर तिला पाठीला उशी द्या, पंखा नीट लावा (पदरावर वारा नको), आणि दर ब्रेकला चित्र दाखवा. तिला इंटरेस्ट वाटला की बसण्यात जीव येतो आणि तो चित्रात उतरतो, हे खरंच होतं.

आधी छोटी स्केचेस

कॅनव्हासला हात लावायच्या आधी काडेपेटीपेक्षा थोडे मोठे चार-पाच चौकोन काढा आणि फक्त तीन टोनमधे पोझ बसवा: गडद, मधला, फिका. डोळे किलकिले करून बघायचं. डोळे बारीक केले की बारीकसारीक चुण्या गायब होतात आणि मोठे आकार उरतात, तेवढेच काढायचे. यातलं एखादं स्केच हात लांब करून धरल्यावरही बसलेली बाई म्हणून वाचता आलं तर ते घ्या. नाही आलं तर पोझ किंवा उजेड बदला. पुढे कितीही सुंदर फटकारे मारले तरी इथे न जमलेलं तिथे जमत नाही.

ड्रॉइंग: साडी नंतर, बाई आधी

कॅनव्हासला बर्न्ट सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन टर्पेंटाइनमधे पातळ करून हात फिरवा, चिंधीने पुसून घ्या, मधल्या टोनचा मातकट करडा झाला पाहिजे. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग गडद दिसतो आणि अंदाज चुकतो. हे सुकलं की (किंवा अगदी पातळ असेल तर ओल्यावरच) बर्न्ट अंबरने ब्रशनेच ड्रॉइंग. पेन्सिल नको, पेन्सिलीने रेघा बारीक होतात आणि मग आपण त्या रेघांमधे रंग भरायला लागतो.

पहिल्या खुणा: डोक्याचा वरचा बिंदू, पावलांचा खालचा बिंदू, मधला भाग कुठे येतो. ब्रशच्या दांड्याने डोक्याची उंची मोजा आणि ती खाली किती वेळा बसते ते बघा. मग खांद्यांचा उतार, कमरेचा उतार, दोन गुडघ्यांचे गोल, कोपर. हे सगळं साडी नाहीच असं समजून. रेघा कापडातून आरपार जाऊ द्या.

आता कापड. फोल्डचे साधारण सात प्रकार शिकवतात, नळीसारखे सरळ, झिगझॅग, गुंडाळलेले, दोन टोकांमधे झोळी पडलेले, एका टोकापासून लोंबणारे, वाकल्यावर अर्धे अडकलेले आणि नुसते जमिनीवर पडलेले. पाठ करायची गरज नाही. एवढाच प्रश्न विचारा की हे कापड कुठे अडकलंय आणि कुठे सुटलंय. आपल्या पोझमधे ते चार ठिकाणी अडकलंय: डावा खांदा, कमरेला खोचलेल्या निऱ्या, पुढचा गुडघा, आणि मागे खोचलेला कासोटा. मोठ्या चुण्या यातल्या एका टोकापासून निघून दुसऱ्याकडे जातात किंवा मधेच विरतात. गुडघ्यावर कापड ताणलेलं म्हणून तिथे जवळजवळ चुणीच नसते, आणि नवशिके नेमक्या तिथेच चुण्या काढतात. गुडघा सपाट ठेवा, मांडीकडून कमरेकडे जाणाऱ्या तीन-चार चुण्या काढा, बाकी सोडा. पायाला वजन आपोआप येतं.

मोठे भाग भरणं

आधी पॅलेटवर ढीग तयार करा. हे कंटाळवाणं वाटतं पण मोकळ्या ब्रशचं निम्मं काम इथेच होतं, कारण कॅनव्हाससमोर उभं राहून दर स्ट्रोकला रंग घोळत बसलात तर हात थांबत थांबत चालतो आणि ते दिसतं. हिरव्या साडीचे तीन ढीग: सावलीचा (अल्ट्रामरीन, ऑकर, थोडा काळा, चिमूटभर सिएना), मधला (अल्ट्रामरीन आणि ऑकर, अगदी थोडा पांढरा), उजेडातला (त्यातच अजून पांढरा आणि ऑकर). पदराचे तीन, अलिझरिन सावलीत आणि कॅडमियम रेड उजेडात. कातडीचे तीन, ऑकर, कॅडमियम रेड आणि पांढरा उजेडाला, सिएना आणि थोडा अल्ट्रामरीन सावलीला. भारतीय कातडीत पांढरा जपून घाला, जास्त झाला की चेहरा खडूसारखा होतो. खिडकीचा उजेड असेल तर उजेडातले रंग थोडे थंड आणि सावल्या उबदार, पिवळ्या बल्बचा असेल तर उलटं.

आता नंबर १२ घ्या आणि फक्त सावल्या भरा. साडीची सावली, पदराची सावली, मानेखालची, सगळ्या पातळ रंगात, टर्पेंटाइन जास्त. सावल्या पातळ आणि उजेड दाट हे या पद्धतीचं मूळ आहे. तांत्रिक कारणही आहे, खालचा थर तेलाने कमी आणि वरचा जास्त असला तर पुढे भेगा पडायचा धोका कमी. दोन सावल्या एकमेकींना भिडल्या तर भिडू द्या, पदराची सावली साडीच्या सावलीत आणि साडीची मागच्या पडद्यात मिसळली तरी चालेल, कड शोधत बसू नका. मग मधले टोन. या टप्प्यावर चित्र सपाट पोस्टरसारखं दिसतं आणि ते तसंच दिसायला हवं.

आठ-दहा फूट मागे जाऊन बघा. इथून बाई बसलेली वाटत नसेल तर नाइफने खरवडा आणि दुरुस्त करा. खरवडल्यावर खाली जो पुसट रंग उरतो त्याच्यावर दुसऱ्यांदा जास्त चांगलं बसतं.

फटकारा

आता दाट रंग. ट्यूबमधून येतो तसाच, घट्ट श्रीखंडाइतका, फार तर एक थेंब तेल. ब्रश ढिगात दाबायचा नाही, फ्लॅट ब्रशची एक बाजू ढिगाखालून सरकवून रंग वर उचलायचा, म्हणजे तो केसांच्या टोकावर बसतो. मग कॅनव्हासवर तिरका टेकवायचा, ओढायचा आणि उचलायचा. मनगट नाही, खांद्यातून. सुरुवातीला दाब, शेवटी हलका, म्हणजे स्ट्रोकचं टोक आपोआप तुटक आणि मऊ होतं. उचलल्यावर परत त्याच जागी जायचं नाही. चुकला तर नाइफने काढा, पण वरून घासून दुरुस्त करू नका. ओल्या रंगात तीनदा ब्रश फिरला की खालचा रंग वर येऊन सगळं मळकं होतं.

प्रत्येक स्ट्रोकनंतर ब्रश चिंधीने पुसा. हो, प्रत्येक. शक्य असेल तर उजेडाचा ब्रश वेगळा आणि सावलीचा वेगळा.

दिशेचं असं आहे की ताणलेल्या कापडावर स्ट्रोक ताणाच्या दिशेने, आणि गोल भागावर (मांडी, दंड) आकाराला आडवा, वळसा घेऊन. सगळे स्ट्रोक एकाच तिरप्या दिशेने मारायची फॅशन आहे, ती बघायला स्टायलिश वाटते पण त्याने मांडी पण तशीच आणि भिंत पण तशीच दिसते.

निऱ्यांचा भाग जवळून सांगतो कारण तिथे सगळे अडकतात. नऊवारीच्या निऱ्या कमरेला एकत्र खोचलेल्या असतात आणि तिथून खाली उघडत जातात. आधी पूर्ण झुबका एकच आकार समजून मधल्या-गडद हिरव्याने भरा, एकही निरी न दाखवता. मग नंबर ८ फ्लॅट उभा धरून, त्याच्या धारेने, कमरेपासून खाली दोन किंवा तीन गडद ओढा, वर घट्ट आणि एकमेकांजवळ, खाली सैल. त्यांच्या शेजारी, उजेडाच्या बाजूला, दोन फिके पट्टे, यावेळी ब्रश आडवा म्हणजे पट्टा रुंद. झालं. खऱ्या निऱ्या सात असोत की नऊ, डोळा बाकीच्या स्वतः भरून घेतो. एका जागी फिका पट्टा मधेच तोडा, तिथे निरी वळून आत गेल्यासारखी वाटते.

काठ ही पण अशीच गोष्ट. काठ म्हणजे साडीवर काढलेली रेघ नाही, ती कापडाबरोबर वळणारी पट्टी आहे. कापड दुमडलं की काठ तुटतो आणि दुसऱ्या कोनात परत सुरू होतो, आणि हा तुटलेला काठच घडी कुठे आहे ते सांगतो. नंबर ४ ने, एकेका तुकड्याला एक स्ट्रोक. पुढे कधी जरीची साडी केलीत तर लक्षात ठेवा, जर सोनेरी रंगाने होत नाही, ती गडद ऑकर-तपकिरी पट्ट्यावर दोन-तीन ठिकाणी फिका पिवळा दाट ठिपका ठेवल्याने होते, बाकी पट्टा गडदच राहतो.

रेशमी पदराचा उजेड सगळ्यात शेवटी. कॅडमियम रेडमधे पांढरा घातला की गुलाबी होतो आणि पदर मेलेला दिसतो. म्हणून उजेडात पांढऱ्याबरोबर ऑकर घाला, आणि अगदी टोकाची चमक खिडकीच्या रंगाची, म्हणजे थोडी निळसर करडी. सगळ्या पदरावर मिळून तीन चमका पुरे.

आणि एक सुंदर गोष्ट बघायला विसरू नका, लाल पदराचा उजेड हनुवटीखाली आणि हाताच्या खालच्या बाजूला परततो. तिथल्या सावलीत चिमूटभर लाल घातला की बाई आणि साडी एकाच हवेत बसल्यासारख्या वाटतात.

कडा, चेहरा, हात

सगळ्या कडा सारख्या धारदार ठेवल्या तर कितीही मोकळे स्ट्रोक असले तरी चित्र कापून चिकटवल्यासारखं दिसतं. चेहऱ्याच्या उजेडाकडची कड आणि पुढच्या गुडघ्याची कड स्पष्ट ठेवा. पाठीकडचा पदर मागच्या पडद्यात हरवू द्या, कोरड्या ब्रशने एकदा आडवा हात. खुर्चीचे पाय तर नुसते सुचवा.

चेहरा साडीपेक्षा थोडा जास्त बांधीव, पण ब्रशची भाषा तीच हवी. साडी बेफाम आणि चेहरा फोटोसारखा घोटलेला असं फार बघायला मिळतं, दोन वेगळ्या माणसांनी केल्यासारखं. डोळ्यांच्या खाचा, नाकाखालची सावली आणि हनुवटीखालची सावली हे तीन आकार बरोबर बसले की साम्य बरंचसं आलेलं असतं. हातात बोटं मोजू नका, आधी पंजाचा एक आकार, मग बोटांच्या मधल्या दोन सावल्या.

बघून शिकणं

छापील फोटोत रंगाची जाडी दिसत नाही, म्हणून मूळ चित्रं बघा. सातारा जिल्ह्यात औंधचं भवानी संग्रहालय आहे, तिथे राजा रविवर्मा आणि एम. व्ही. धुरंधर यांची चित्रं आहेत. पणजीला फुंदासाओ ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत ट्रिंदाद यांची तैलचित्रं आहेत, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेतला हा गोव्याचा चित्रकार घरच्या माणसांना किती मायेने रंगवतो ते बघाच. म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमधे हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या मुलीचं चित्र, ते जलरंगात आहे आणि फटकाऱ्याचं नाही, पण साडीतून झिरपणारा आणि बोटांमधून येणारा उजेड टोनवर कसा पकडलाय ते समोर उभं राहून समजतं. आणि कधी लंडनला गेलात तर वॉलेस कलेक्शनमधला फ्रान्स हाल्सचा १६२४ चा 'लाफिंग कॅव्हेलिअर', मनगटाची लेस चार पावलांवरून लेस असते आणि नाकाशी गेलं की नुसते स्ट्रोक.

कधी थांबायचं आणि मग काय

चेहरा, पुढचा गुडघा आणि पदराची चमक झाली की ब्रश ठेवा आणि रात्रभर चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा. सकाळी आरशात बघा, उलटं दिसलं की चुका लगेच सापडतात. फार तर पाच-सहा स्ट्रोक अजून. पावसाळ्यात हे सुकायला जास्त दिवस घेतं, दाट उजेड तर फारच, बोट लावू नका. वॉर्निश सहा महिन्यांच्या आत नाही.

मॉडेल मिळत नसेल तर तीच साडी खुर्चीच्या पाठीवर टाका, खाली उशी ठेवून गुडघ्यासारखा उंचवटा करा आणि ए-फोर एवढ्या प्राइम केलेल्या (आधी अस्तराचा थर दिलेल्या) कागदावर मोजून पन्नास स्ट्रोकमधे ती रंगवा. मोठ्याने मोजत. पातळ सावल्या मोजायच्या नाहीत, फक्त दाट रंगाचे. दुसऱ्या दिवशी साडी न हलवता तीच चाळीसमधे, मग तीसमधे. तिसात निऱ्या, काठ आणि पदर तिन्ही ओळखू आले की परत मॉडेल बोलवा.